कांद्याच्या सालीचा पंख

बाबा तारापूर एमआयडीसीत औषधांच्या एका कारखान्यात फिटर होते. बंद पडलेली दाबमापकं उघडायची, त्यांच्या आतल्या नाजूक पट्ट्या आणि काटे सरळ करून द्यायचे, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. निवृत्त झाल्यावर दोन महिने ते बोईसरच्या आमच्या फ्लॅटमध्ये नुसते बसून होते. मग एका दुपारी पंख्याचा फटका बसून एक फुलपाखरू त्यांच्या ताटाशेजारी पडलं, आणि बाबा अर्ध्या जेवणावरून उठले.

त्यांनी मासळीवाल्याकडून थर्माकोलचा खोका आणला. आत झिरोचा बल्ब, त्याला पंख्याचा जुना रेग्युलेटर, म्हणजे ऊब कमीजास्त करता येईल. सलाईनच्या नळीतून साखरेचं पाणी स्पंजवर थेंब थेंब पडायचं. सगळ्यात नामी होता तो चिमटा. कपडे वाळत घालायच्या चिमट्याची स्प्रिंग सैल करून त्याच्या दोन टोकांना त्यांनी कान कोरायच्या काडीचा कापूस लावला होता. त्यात फुलपाखराचं अंग धरलं तरी दाबलं जात नसे. फाटक्या पंखाला ठिगळ असायचं कांद्याच्या सालीचं, अगदी आतल्या, पातळ पापुद्र्याचं, डिंकाने चिकटवलेलं. आणि एका पंखाचा तुकडा गेलाच असेल, तर दुसराही तेवढाच कापायचा.

"दोन्ही बाजू सारख्या पायजेत, बाय," ते मला सांगायचे. "नायतर भेलकांडतं."

आई त्याला किड्यांचा दवाखाना म्हणायची. "माझे गुडघे दुखतात ते दिसत नाय यांना," असंही म्हणायची, पण कांदे चिरताना चांगला पापुद्रा निघाला की बशीत बाजूला ठेवायची. बहुतेक रोगी मरायचे. काही मात्र खरोखर उडाले. कांद्याच्या सालीचा गुलाबी पंख घेऊन एक पांढरं फुलपाखरू आमच्या गॅलरीतून समोरच्या शेवग्यावर गेलेलं मी स्वतः पाहिलं आहे. बाबा कितीतरी वेळ कठडा धरून उभे होते.

तीन वर्षांनी बाबा बाजारातून घरी यायची वाट चुकले. पुढे आईला एकदा "आये" अशी हाक मारली, जशी लहानपणी घिवली गावातल्या घरी ते आपल्या आईला मारत. पालघरच्या डॉक्टरांनी मेंदूचे फोटो बघून मला बाहेर बोलावलं आणि हे वाढतच जाईल, असं स्वच्छ सांगितलं. आईला मी "औषध सुरू करायचंय" एवढंच सांगितलं. हात थरथरत नव्हते, चिमटा अजून बरोबर धरता येत होता, म्हणून आम्ही दोघी त्या खोक्यावर विसंबून राहिलो. ते आपल्या किड्यांच्या दवाखान्यात रमले की घर शांत असायचं.

मी शाळेत शिकवते; एका शनिवारी शाळा लवकर सुटली आणि मी घरी आले. आई आत आडवी झाली होती. बाबा गॅलरीत कढीपत्त्याच्या कुंडीशी उभे होते, हातात काचेची बरणी. बरणीत काळंपिवळं फुलपाखरू धडपडत होतं. मी बघत असतानाच त्यांनी ते अलगद काढलं, चिमट्यात धरलं आणि बारीक कात्रीने त्याच्या उजव्या पंखाचं टोक कापलं.

"बाबा, हे काय करताय?"

"याचा डावा तुटलाय," ते म्हणाले.

डावा पंख अख्खा होता. मी तसं म्हणाले. त्यांनी भिंगातून पाहिलं, आणि "हां, आता हा मोठा झाला," म्हणून डावाही कापला. मग पुन्हा उजवा. मी त्यांचा हात धरला तेव्हा ते माझ्यावर ओरडले, जन्मात पहिल्यांदा. "सोड! तुला काय कळतंय यातलं?" आई उठून बाहेर आली. टेबलावर बिनपंखाचं ते अंग स्पंजाच्या दिशेने चालत होतं. आईने पदर तोंडाला लावला आणि ती आत निघून गेली.

त्या संध्याकाळी मी खोका माळ्यावर टाकला. दुसऱ्या दिवशी बाबांनी कपाटं उपसली, रडले, चहासुद्धा घेतला नाही. तिसऱ्या दिवशी मी तो खाली काढला. पण बरणी आणि कात्री लपवली, गॅलरीला जाळी मारून घेतली.

तेव्हापासून मी शाळेत जायच्या आधी जिन्यातल्या ट्यूबलाइटखाली मरून पडलेले पतंग, चतुर, जे मिळेल ते कागदावर गोळा करते आणि खोक्यात ठेवते. बाबा दिवसभर त्यांना ऊब देतात, पाणी पाजतात, ठिगळं लावतात. मी घरी आले की ते किडे त्यांच्या नकळत काढून टाकते; खोका रिकामा दिसला की बाबा विचारतात, "उडालं काय गं?"

"उडालं," मी सांगते.

गेल्या आठवड्यात मी खोक्यात एक चतुर ठेवत होते. बाबा शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी तो उचलून तळहातावर घेतला, उलटा केला, आणि माझ्याकडे पाहिलं. कितीतरी महिन्यांत त्यांनी माझ्याकडे असं ओळखून पाहिलं नव्हतं.

"बाय, हे मेलेलं हाय," ते म्हणाले. "मेलेलं कशाला आणतेस?"

मी नुसती "बाबा" म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, माझ्याही. माझ्या डोक्यावर हात ठेवायला त्यांनी दुसरा हात उचलला, तो मध्येच थांबला. नजर हळूहळू तळहातावर उतरली.

"पाणी आण साखरेचं," ते म्हणाले. "लवकर आण."

मी आणलं.