दिवा बाहेर गेला

नोल्फा बार्रियाला इंग्रजी आधी समजलं नाही, नुसतं ऐकू आलं. चिलीतल्या चिलोए बेटावरच्या त्यांच्या लाकडी घरात चुलीशेजारी वडिलांचा रेडिओ असे. धुकं दाट उतरलं की त्या रेडिओतून दूरच्या जहाजांवरचं इंग्रजी बोलणं यायचं. अर्थ काही लागत नसे, पण ही पोर मिल्काओ, म्हणजे बटाट्याची जाड भाकरी, हातात तशीच धरून ऐकत बसे. पुढे ती ही भाषा शिकली, शिकवायलाही लागली. तरी इंग्रजी म्हटलं की तिला धुकंच आठवायचं.

चर्चमागच्या खोलीत दुपारी ती मोठ्या माणसांचा वर्ग घेई. मासळीच्या कारखान्यातला ब्राउलिओ, लोकरीचे मोजे विणून परदेशी पाहुण्यांना विकणारी ओतिलिया मावशी, अशी मंडळी. शब्दकोश उघडून एकेक शब्द उकरून काढत. शब्द सगळे हाती लागत, गोष्ट तेवढी निसटून जाई.

"बाई, फळ्या मिळाल्या," ब्राउलिओ एकदा म्हणाला, "पण घर कुठाय?"

नोल्फाने मग रीत बदलली. वाचण्याआधी चित्र दाखवायचं, पुढे काय घडेल ते आपल्याच बोलीत बोलून घ्यायचं. चारदोन अवघड शब्दांची आधीच ओळख करून द्यायची. पहिला परिच्छेद ती स्वतः वाची, आणि वाचताना मनात काय चाललंय तेही सांगे: इथं मी अडखळले, म्हणून मागच्या ओळीवर जाते. याला परांची बांधणं, शिकणाऱ्याला तात्पुरता आधार देणं, म्हणतात, असं बाहेरून आलेल्या एका प्रशिक्षकाने सांगितलं तेव्हा तिला हसू आलं. सुताराची मुलगी ती. बांधायची कशी हे तिला ठाऊक होतं. सोडायची कधी, तेच उमगत नव्हतं. कुणी जरा अडलं की तिच्या तोंडून अर्थ निघालेलाच असे.

त्या हिवाळ्यात तिचा घसा पार बसला. शब्द फुटेना. वर्ग बंद ठेवायचं तिच्या जिवावर आलं, म्हणून ती आली, फळ्यावर दीपगृहाचं चित्र लावलं आणि ओतिलिया मावशीला खुणेने पुढे बसवून आपण मागच्या बाकावर जाऊन टेकली.

मावशी थोडी बावरली. मग बाई विचारतात तसंच तिने विचारलं, की चित्रात काय दिसतंय, पुढे काय होईलसं वाटतं. मंडळी बोलती झाली. गोष्ट एका दीपगृहाच्या राखणदाराची होती. एका वाक्यापाशी सगळे थबकले: 'द लाइट वेंट आउट.' शब्दाला शब्द लावला तर अर्थ निघत होता, दिवा बाहेर गेला.

खिडकीबाहेर खाडी धुक्यात बुडालेली होती. मावशीचा नवरा याच पाण्यावर होडी घेऊन गेला होता, तो परतलाच नव्हता.

"गेला असेल बाहेर," मावशी हळूच म्हणाली. "कुणाला तरी शोधायला."

नोल्फाचे ओठ हलले, पण आवाज नव्हता. ती डोळे मिटून बसून राहिली. तिला वाटलं, काठीला टांगलेला एक दिवा खरोखरच पाण्यावरून चालत निघालाय.

"मावशी, पुढची ओळ बघा," ब्राउलिओ जपून म्हणाला. "सगळीकडे अंधार झाला, असं लिहिलंय. राखणदार काडेपेटी शोधतोय."

मावशीने ओळीवर बोट ठेवलं. मागची वाचली, पुढची वाचली, परत मधली वाचली.

"म्हणजे विझला," ती म्हणाली. "मग तो पेटवेलच की. वाचा पुढे."

आणि ते वाचत राहिले. कुणीही मागे वळून बाईंकडे पाहिलं नाही. नोल्फाला आधी थोडं एकटं वाटलं. मग ते अडखळते, एकमेकांत मिसळणारे आवाज ऐकता ऐकता तिला विलक्षण शांत वाटू लागलं.

घसा बरा झाला, तरी ती पुष्कळदा मागच्याच बाकावर बसू लागली. चित्रं कमी झाली, आधी सांगायचे शब्द कमी झाले. कुणी फारच अडलं तर एखादा प्रश्न विचारी, उत्तर मात्र देत नसे.

वसंतात ओतिलिया मावशीने एक अख्खी गोष्ट आपल्या घरी चुलीपाशी एकटीने वाचायला घेतली. नोल्फा समोरच माते नावाचा कडवट चहा पीत बसली होती. मधेच मावशी अडली. तिने मान वर करून बाईंकडे पाहिलं, क्षणभर पाहिलं, आणि काही न विचारता पुन्हा पानात डोकं घातलं.