देवाशी अबोला

किल्लीवाल्याच्या बायकोला नवऱ्याशी कधी चार दिवस अबोला धरता आला नाही, देवाशी मात्र तिने तीन महिने धरला. नवऱ्याच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा हॉस्पिटलातल्या बाकाशेजारी गुडघे टेकून तिने एकवीस दिवस प्रार्थना केली होती. देवाने नवरा परत दिला, पण अर्धाच. उजवी बाजू लुळी आणि वाचा गेलेली. "एवढं मागितलं आणि पदरात हे घातलंस?" एवढं विचारून तिने देवाशी बोलणं टाकलं. चर्चला जाणं सोडलं. पाळक घरी आले तर चहा द्यायची आणि शिवायला आणलेल्या शर्टांची काजं करत मान खाली घालून बसायची.

भावाच्या सेवेला नणंद येऊन राहिली होती. प्रार्थना तिची, घास भरवणंही तिचंच. बायकोला ते बरंच होतं. पण सोमवारी नणंद आपल्या घरी गेली आणि याने तोंड मिटलं ते मिटलंच. चमचा ओठांपाशी नेला की दात घट्ट. शेजारीण म्हणाली, "किल्लीवाल्याच्याच तोंडाला कुलूप, बघा!" हिला काही हसू आलं नाही.

बुधवारी डॉक्टर येऊन गेले. उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही, तर पुन्हा नाकातून नळी. मागच्या वेळी नळी असतानाच छातीत कफ भरून तो जाता जाता वाचला होता.

तिने दुपारी सूप गरम केलं.

"अहो, खा ना. बहिणीच्या हातचं गोड लागत होतं, माझंच कडू झालं होय?"

त्याचे दात घट्टच. याला आता जगायचंच नाही, असं तिला वाटलं. तिने वाटी आदळली. तीन महिन्यांचं साचलेलं एकदम बाहेर पडलं.

"देवा, ऐकतोस ना? तुझ्याशी बोलणार नव्हते मी! पण हा माणूस तूच परत पाठवलास, हे अन्नही तूच दिलंस. मग आता तूच भरव. माझ्याच्याने नाही होत!"

काजं करायला ठेवलेला शर्ट उचलून त्याच्या बाहीनेच तिने डोळे पुसले आणि नवऱ्याकडे पाहिलं. त्याने डोळे मिटले होते. डाव्या हाताने लुळा उजवा हात ओढून छातीवर धरला होता.

तेव्हा तिला कळलं. सव्वीस वर्षांत या घरात आशीर्वाद मागितल्याशिवाय याने घास उचलला नव्हता. दारात गिऱ्हाईक कुलूप घेऊन खोळंबलेलं असो, चहा गार होवो, याची प्रार्थना आधी. नणंदही रोज वाटी हातात घेतली की आधी आशीर्वाद मागायची. आणि तीन दिवस ही बाई नुसता चमचा कोंबत होती. "मेलं माझं डोकं," ती म्हणाली.

त्याने एक डोळा उघडला. तोंड अजून मिटलेलंच. तो प्रार्थना संपायची वाट बघत होता.

"आमेन," ती म्हणाली.

त्याने तोंड उघडलं. सूप अर्धं हनुवटीवरून ओघळलं, अर्धं आत गेलं. तिचा देवावरचा राग काही गेला नव्हता. पण संध्याकाळी पुन्हा सूप भरवायचं होतं, म्हणजे पुन्हा देवाशी बोलणं आलं.