जादा वेळ नको

मार्चमधला दुसरा गुरुवार. मानधन चारशे रुपये. खोलीत माणसं तीन: प्रणिता, मी आणि पर्यवेक्षक सर. पण जे घडलं त्या वेळी दोघंच, कारण सर वऱ्हांड्यात होते.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुमची-माझी ओळख नाही, आणि अनोळखी माणसापुढे मान खाली घालणं सोपं जातं.

प्रणिता माझ्या चुलतभावाची मुलगी. मेडशीत आमची घरं लागून आहेत. सहावीत असताना तापात तिची नजर गेली. तरी पोरगी शिकत राहिली आणि मालेगावच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षापर्यंत पोचली. अशा विद्यार्थ्याला परीक्षेत लेखनिक मिळतो. तो तोंडाने सांगेल, ते कागदावर उतरवणारा माणूस. त्याचं शिक्षण परीक्षा देणाऱ्यापेक्षा एक पायरी कमी असावं लागतं. मी बारावी पास, म्हणून नियमात बसलो.

आणि माझं अक्षर. गावातले अर्ज, पावत्या, देवळाच्या वर्गणीच्या याद्या माझ्याकडे येतात, कारण माझं अक्षर कोणालाही लागतं, वाचताना अडत नाही. आकड्यालाही मी पक्का. भाजी तोलताना शंभर ग्रॅम इकडचं तिकडे झालं तर गिऱ्हाइकाला हाक मारून परत बोलावतो. बढाई म्हणून सांगत नाही. असा माणूस काय करू शकतो, ते कळावं म्हणून सांगतो.

पहिले तीन पेपर नीट गेले, जादा वेळ लागलाच नाही. खरंच नीट. तिने सांगावं, मी लिहावं, प्रत्येक उत्तर वाचून दाखवावं. मोटरसायकलवर मागे बसून ती चेष्टा करायची, "अक्षर तुमचं अन् मार्क माह्ये. घाट्यात तुमीच हा काका."

चौथा पेपर अर्थशास्त्राचा. इतरांना अकरा ते दोन. तिला तीनपर्यंत, कारण तासाला वीस मिनिटं जादा मिळतात. तीन तासांची साठ मिनिटं. ही मेहेरबानी नव्हे. सांगायला, ऐकायला, परत वाचून घ्यायला वेळ जातो, तेवढाच तो वेळ. हा हिशेब मला पाठ होता. म्हणूनच तर—

थांबा. आधी दुसरा हिशेब सांगतो. त्या आठवड्यात शेतातली लाईन, म्हणजे वीज, दुपारी साडेतीनला जायची. चार दिवसांपूर्वी मी सांबार पेरला होता. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. मार्चचं ऊन, आणि आदल्या दिवशी मोटार बिघडल्याने पाणी चुकलेलं. मालेगावहून मेडशी अर्धा तास, पुढे शेत पाच मिनिटं. तीनला निघालो तर तीन पस्तीस, लाईन गेलेली. दोनला निघालो तर पंचावन्न मिनिटं पाणी. पेपर लिहिता लिहिता मी हे मनात मांडत होतो. ती मागणी-पुरवठा सांगत होती, आणि मी वाफे मोजत होतो.

दोनची घंटा झाली. बाकीच्या वर्गांतली पोरं बाहेर पडली. तिचे दोन प्रश्न राहिले होते. सरांनी मला दारात बोलावून विचारलं की मुलगी थांबणार आहे का. बिचारे सकाळपासून उपाशी होते. थांबणार नसेल तर उत्तरपत्रिकेवर तसं लिहून तिची सही घ्या, म्हणाले.

मी म्हणालो, नाही थांबत.

इतकंच. कोणी जबरदस्ती केली नव्हती. सरांनी विचारलं होतं, सांगितलं नव्हतं. सर पाणी प्यायला वऱ्हांड्याच्या टोकाला गेले, आणि मी आत येऊन तिला म्हणालो, जादा वेळेचं पत्र विद्यापीठातून आलंच नाही म्हणतात.

ती म्हणाली, "काल तं कॉलेजातल्या मॅडम म्हनत होत्या, आलं म्हनून."

"मी इचारलं ना," मी म्हणालो.

तिचे ओठ हलत होते. पुढच्या प्रश्नाचं उत्तर मनात तयार होतं, ते थांबवता येत नव्हतं. मी पहिल्या पानावर शेऱ्याच्या जागी लिहिलं: 'मला जादा वेळ नको.' स्वच्छ लिहिलं. वेलांटी, मात्रा, काही चुकलं नाही. मग तिचं बोट धरून त्या ओळीखाली टेकवलं आणि म्हणालो, हजेरीची सही कर. तिने केली. तिला सही येते, सहावीपर्यंत डोळे होते ना.

वाटेत ती म्हणाली, "आज तं गाडी उडवूनच राह्यले तुमी." हसली नाही. तिचा हात माझ्या खांद्यावर होता. दोन पंचेचाळीसला तिला दारात सोडलं, दोन पन्नासला मोटार सुरू केली. चाळीस मिनिटं पाणी मिळालं. सांबार निम्मा उगवला.

तीन मार्कांनी ती नापास झाली.

तीन मार्क म्हणजे काय? दोन प्रश्नांपैकी एकाचं पाव उत्तर. पण त्या तीन मार्कांवर अमरावतीच्या वसतिगृहातली जागा होती, एम.ए.ची. अर्ज मंजूर होता, फक्त निकाल दाखवायचा होता. जागा दुसरीला गेली. माझा चुलतभाऊ म्हणाला, झालं तेवढं बस झालं, घरी राहू दे. मी तिथेच बसलो होतो. चहा पीत होतो. एका वाक्याने ते थांबवता आलं असतं, आणि ते वाक्य फक्त माझ्याजवळ होतं. मी कप खाली ठेवला आणि घरी आलो.

तिने हट्टाने उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली. महिन्याभराने पाकीट आलं. ते घेऊन ती काठी टेकत कोणाकडे आली असेल?

"काका, वाचून दाखवा."

मी वाचलं. पहिल्या पानावरचं नाव वाचलं, बैठक क्रमांक वाचला, विषय वाचला. मग पान उलटलं. सगळी उत्तरं वाचली, एक शब्द सोडला नाही. तिने पाकीट घडी करून फाईलमध्ये ठेवलं. "नशीब," म्हणाली. चूक एकदा होते म्हणतात. ही दुसरी वेळ होती, आणि या वेळी सांबाराला पाणी द्यायचं नव्हतं.

पुढच्या परीक्षेला तिने अकरावीतली एक मुलगी लेखनिक घेतली. मला वाईट वाटू नये म्हणून स्वतः सांगायला आली. तुमचं शेताचं काम बुडते, म्हणाली. चार तास पूर्ण बसली, अठ्ठावन्न मार्क पडले. गावभर सांगत होती की पहिले तीन पेपर काकानं काढून दिले. लोक मला शाबासकी देत होते, आणि मी घेत होतो.

मग तिच्याकडे बोलका फोन आला. आमच्या ओट्यावर बसून तिने तो बियाण्याच्या पुडीवर धरला, आणि फोनने पुडी वाचली. वाण, वजन, तारीख. बायकोला गंमत वाटली. मी पुडी उचलून आत ठेवली. रात्री मुलाला सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, छापलेलं वाचतो, हाताने लिहिलेलं नाही. त्या दिवसापासून मी तेवढ्यावर जगलो. शेजारच्या भिंतीआड ती काय काय वाचते, ते ऐकत राहिलो. विजेचं बिल. औषधाची बाटली. लग्नपत्रिका. दर वेळी तोच एकसुरी आवाज, आणि दर वेळी मी हातातलं काम थांबवायचो. दीड वर्ष.

मागच्या महिन्यात एका दुपारी त्या आवाजाने देवळाच्या वर्गणीची यादी वाचली. ती यादी माझ्या हातची होती. सगळी नावं बरोबर वाचली; फोन आता हाताने लिहिलेलंही वाचायला शिकला होता.

मग फाईलच्या चेनचा आवाज. मी तिथून उठून जायला हवं होतं, नाही गेलो. नाव. बैठक क्रमांक. विषय. आणि मग फोन म्हणाला, मला जादा वेळ नको.

तिने ते पुन्हा वाचायला लावलं. एकदाच.

संध्याकाळी ती आमच्या ओट्यावर आली. बायकोने चहा दिला. ती सावकाश प्याली. जाताना दाराच्या चौकटीला हात लावून म्हणाली, "काका, तुमचं अक्षर फोनलेही लागते बरं."

बायको म्हणाली, "लागनच. मोत्यासारखं अक्षर हाये यांचं."

मी रिकामे कप उचलून आत नेले. आठ दिवस तसेच गेले. त्या पेपरचं मानधन मी त्याच वर्षी घेतलं होतं, चार तासांचे चारशे, रजिस्टरवर 'अकरा ते तीन' लिहून सही करून. नवव्या दिवशी शंभराच्या चार नोटा घेऊन तिच्याकडे गेलो. ती पुस्तक ऐकत होती. घरात दुसरं कोणी नव्हतं. तिच्या हातात नोटा दिल्या. कशाच्या, ते सांगितलं नाही.

तिने बोटांनी लांबी मोजून एकेक नोट वेगळी केली. एक घडी करून मुठीत धरली. तीन माझ्याकडे पुढे केल्या.

"तीन तास तं तुमी लिवलंच होतं," ती म्हणाली.

मी तीनशे घेतले. शंभर तिच्याकडे राहिले.