कधी गेले?

दातांच्या डॉक्टरला लोक अक्कलदाढेचं विचारतात, डोळ्यांच्या डॉक्टरला चष्म्याच्या नंबरचं. मी न्यायवैद्यकातला, म्हणजे सरळ सांगायचं तर प्रेतांचा डॉक्टर. मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा शेजारचा गृहस्थ हळूच विचारतो, "डॉक्टर, माणूस नक्की किती वाजता गेला, हे तुम्हाला कसं हो कळतं?" खरं उत्तर दिलं तर त्याची निराशा होते. म्हणून मी एखादा किस्सा सांगतो. मग समोरच्याला त्याच्या मामांचं आठवतं, त्यावरून मला दुसरं काही आठवतं, आणि मठ्ठा येईपर्यंत तीन किस्से होऊन जातात. आमच्या हिचं म्हणणं एवढंच, "जेवणाआधी सांगा, जेवणानंतर सांगा, पण भात कालवताना नको."

हे सगळे किस्से कलकत्त्याचे आहेत. वडिलांची सरकारी नोकरीत तिकडे बदली झाली, बालीगंजला घर मिळालं आणि मी तिथेच डॉक्टर झालो. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत मी सान्याल सरांच्या हाताखाली होतो. बुटके, शांत, धोतरावर कोट घालणारे. माझं आडनाव वैद्य. बंगालीत त्याचं 'बोइद्दो' झालं. तिकडे वैद्य नावाची एक जातच आहे, त्यामुळे अर्धं हॉस्पिटल मला बंगालीच समजायचं आणि माझी भाषा ऐकून म्हणायचं, "बिचारा लहानपणी बाहेर वाढला असेल."

सरांमुळे मी शहाणा झालो, एवढं आधीच सांगून ठेवतो.

*

पहिल्याच दिवशी सरांनी मला एका प्रेतासमोर उभं केलं आणि म्हणाले, "बोइद्दो, सांग हा कधी गेला."

मी पुस्तकं पाठ करून आलेलो. थर्मामीटर लावला, कागदावर भागाकार केला, हात वाकवून बघितले, पाठीवर रक्त कुठे साकळलंय ते पाहिलं आणि छाती काढून सांगितलं, "सर, सकाळी सव्वासातला."

सरांनी माझा कागद हातात घेऊन वाचला. मग मला म्हणाले, "तू तिथे होतास?"

"नाही सर."

"मग तो सव्वा कुठून आणलास?"

सरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "सकाळी, एवढं म्हण. सव्वा परत ठेवून दे."

पुढे त्या सगळ्या वर्षांत, मी रिपोर्टमध्ये जरा जास्त ठाम लिहिलं की सर वाचता वाचता नुसतं विचारायचे, "सव्वा?" आणि मी तो परिच्छेद खोडायचो.

*

पोलिसांना मात्र सव्वाच लागतो. एक इन्स्पेक्टर होते, मोठे उत्साही. नदीत सापडलेलं एक प्रेत घेऊन स्वतः आले. अपघाताचीच केस होती, जेटीवरून पाय घसरलेला. पण त्यांचा चेहरा फुललेला.

"डॉक्टरबाबू, तुम्हाला आज काम नाही. मयताच्या हातात घड्याळ आहे. पाणी शिरून बंद पडलंय. काटे बघा. हीच वेळ."

सरांनी घड्याळ बघितलं. "छान आहे. घरचं कोणी आलंय?"

मयताची बायको बाहेर बाकावर बसली होती. सर तिच्याशेजारी जाऊन बसले, प्रवासाचं विचारलं, पाणी दिलं. मग घड्याळ दाखवलं. तिने ते दोन्ही हातांत घेतलं.

"माझ्या वडिलांनी दिलं होतं लग्नात," ती म्हणाली. "दुसऱ्याच महिन्यात बंद पडलं. मला वाईट वाटू नये म्हणून हे रोज हातात घालायचे, आणि वेळ शेजारच्यांना विचारायचे."

इन्स्पेक्टरांनी टोपी काढून हातात घेतली. पंचनाम्यात त्यांनी 'एक बंद घड्याळ' एवढंच लिहिलं. जाताना फक्त मला म्हणाले, "भला माणूस होता हो."

*

हिवाळ्यातली गोष्ट. सरांचे एक लांबचे चुलते वारले म्हणून सर स्मशानघाटावर गेले होते. मी सोबत होतो. शेजारी आणखी एक तिरडी उतरवलेली. निवृत्त संस्कृत शिक्षक, भट्टाचार्य मोशाय; मोशाय म्हणजे आपलं 'राव'. वय झालेलं, अफूची जुनी सवय. गल्लीतल्या डॉक्टरांनी नाडी बघून 'गेले' म्हणून सांगितलेलं. मुलगे रडत होते, लाकडं रचली जात होती.

सर सवयीने त्या तिरडीकडेही बघत होते. मग मोठ्या मुलाला विचारलं, "कधी गेले?"

"पहाटे."

सरांनी वर सूर्याकडे पाहिलं. दुपार कललेली. ते गुडघ्यावर बसले आणि म्हाताऱ्याची मान अलगद इकडेतिकडे फिरवून पाहिली. मान सहज फिरली. हनुवटी खाली ओढली, तीही सैल.

"पहाटे गेलेला माणूस एव्हाना लाकडासारखा व्हायला हवा," सर मला हळू म्हणाले. मग मुलाला म्हणाले, "मला जरा चहा प्यायचाय. तेवढं थांबाल का?"

मुलाला वाटलं, या बाबूचं डोकं फिरलंय. पण सरांचा आवाजच असा होता की तो थांबला. सरांनी चहा प्यायला नाहीच. त्यांनी म्हाताऱ्याच्या छातीला कान लावला आणि डोळे मिटून पडून राहिले. लोक जमायला लागले. कोणीतरी म्हणालं, हे नातेवाईक दिसतात, फार जीव होता. किती वेळ गेला देव जाणे. सरांनी कान न उचलता हात वर केला आणि मला बोटाने खूण केली, गाडी बोलव.

आदल्या रात्री म्हातारबुवांची अफूची गोळी जरा मोठी झाली होती, इतकंच. ते वाचले, आणि पुढे चांगली काही वर्षं जगले. दर हिवाळ्यात त्या दिवशी आम्हा दोघांना जेवायचं आमंत्रण असायचं. पंगत मोठी, माशांचे दोन प्रकार, शेवटी पायेश, म्हणजे आपली तांदळाची खीर. ती भट्टाचार्य मोशाय स्वतः वाढायचे. आम्ही नको नको म्हणालो की म्हणायचे, "संकोच करू नका. ज्याचं श्राद्ध आहे तोच आग्रह करतोय."

*

आता आपल्या माणसांचा. कलकत्त्यात मराठी घरं ती किती, सगळी एकमेकांना धरून असायची. गोखले काका खिदिरपूरच्या गोदीत मोठे अधिकारी होते. रविवारी जेवून वामकुक्षीला आडवे झाले आणि झोपेतच गेले. मला बोलावणं आलं ते प्रमाणपत्रासाठी. पोचलो तर वेगळाच प्रश्न उभा.

त्या दिवशी दुपारीच तिथी बदलत होती. आधी दशमी, मग एकादशी. वर्षश्राद्ध कुठल्या तिथीला करायचं? काकांचे धाकटे भाऊ म्हणत होते एकादशीच, पुण्यवान माणूस एकादशीलाच जातो. गुरुजी पंचांग उघडून बसलेले. मुलगा रडून लाल झालेला आणि त्यात हा वाद. मला बघून सगळे म्हणाले, "डॉक्टर आले. हे सांगतील."

मी काकांना नीट बघितलं. मग खरं ते सांगितलं. "जेवणानंतर आणि चहाच्या आधी, याहून बारीक मला सांगता येणार नाही. दोन्ही तिथ्या त्यात येतात."

काकू कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "गुरुजी, मी सांगते. चहा झाल्यावर मी हाक मारली, अहो, उठा. तोपर्यंत ते माझ्या घरात झोपलेले होते. मी सावकाश वावरत होते, भांड्यांचा आवाज करत नव्हते. हाक मारली आणि ओ आली नाही, तेव्हा गेले. तीच वेळ धरा."

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "माझी काही हरकत नाही."

त्यांनी पंचांग मिटलं. चहाच्या वेळी कुठली तिथी होती, ते त्यांनी पुन्हा बघितलंसुद्धा नाही. धाकट्या भावांनीच नंतर हळूच उघडून पाहिलं आणि डोळे पुसले.

*

एका मे महिन्यात मोठ्या घरातली खुनाची केस आली. घरमालक एकटे राहायचे, बंद खोलीत मेलेले सापडले, संध्याकाळी. अंग अजून गरम. पोलिसांचा हिशेब सरळ होता: अंग गरम म्हणजे दुपारनंतरचा खून, आणि दुपारनंतर घरात फक्त आचारी, हरिपद. सकाळी मात्र बऱ्याच जणांची ये-जा झालेली. हरिपदला पकडलं. प्रकरण फाशीपर्यंत जाणारं.

कोर्टात सर साक्षीला उभे राहिले. म्हणाले, "त्या खोलीतली हवाच माणसाच्या अंगाइतकी तापलेली होती. अशा खोलीत प्रेत निवत नाही. मृत्यू दुपारी झाला असेल, सकाळीही झाला असेल."

सरकारी वकील चिडले. "सकाळी की दुपारी? एक काहीतरी सांगा."

"नाही सांगू शकत."

"तीस वर्षांचा तुमचा अनुभव, आणि तुम्हाला माहीत नाही?"

"पहिल्या वर्षी विचारलं असतंत तर मिनिटासकट सांगितलं असतं," सर म्हणाले. "माहीत नाही म्हणायला मला तीस वर्षं लागली."

जज्जसाहेबांनी मान खाली घातली, हसू लपवायला. वकिलांनी तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. सर घामाने भिजले, पण सकाळ आणि दुपार यांतली एकही सोडली नाही. हरिपद सुटला. पुढे वर्षभरात त्या सकाळी येऊन गेलेल्या एका पुतण्याने गुन्हा कबूल केला.

सुटल्यावर हरिपद मातीच्या मडक्यात दही घेऊन सरांकडे आला. पायावर डोकं ठेवलं ते उचलेना. सर संकोचले, म्हणाले, "अरे, मी काहीच केलं नाही. मला माहीत नव्हतं, तेवढं सांगितलं."

हरिपद म्हणाला, "तेच तर, बाबू. बाकी सगळ्यांना माहीत होतं."

*

हा शेवटचा. त्या दिवसांत पूर्व बंगालमधून माणसांनी खच्चून भरलेल्या गाड्या कलकत्त्याच्या शियालदा स्टेशनात यायच्या. अशाच एका गाडीतून आलेल्या बाईचं प्रेत रेल्वे पोलिसांनी आमच्याकडे पाठवलं. प्रवासात अचानक मृत्यू, म्हणून तपासणी. सोबत तिचा मुलगा होता. तिशीचा असेल, शाळामास्तर. त्याला काहीही विचारलं तरी एकच उत्तर द्यायचा, "आई माझ्यावर रागावून गेली."

सरांनी त्याला खुर्चीवर बसवलं, स्वतः समोर बसले. "कशावरून म्हणतोस?"

तो हळूहळू बोलायला लागला. आईला गाव सोडायचं नव्हतं. तिची तुळस, तिचं तळं, तिची माणसं. याने जवळजवळ ओढून गाडीत बसवलं. ती निघाल्यापासून अबोल. गर्दी इतकी की दोघं एकमेकांना टेकून बसलेले, हलायला जागा नाही. वाटेत गाडी तासन्‌तास उभी राहायची.

"शियालदा यायच्या थोडं आधी एका स्टेशनवर लोकांनी पोहे आणि गूळ वाटला," तो म्हणाला. "मी तिच्यासमोर धरला. म्हटलं, मा, दोन घास खा. तिने बघितलं नाही. मी पुन्हा म्हटलं, तोंड तरी उघड. नाही उघडलं. मग मलाही राग आला. मी म्हटलं, नको तर नको, आणि तोंड फिरवून बसलो. शियालद्याला उतरवायला गेलो, तर अशी."

"उतरवताना कशी होती?" सरांनी विचारलं.

"बसलेलीच. फलाटावर निजवायला गेलो तर पाय सरळ होईनात."

सर उठले आणि आत गेले. बाईंना त्यांनी पुन्हा एकदा नखशिखांत तपासलं. बसल्या जागी पायांत उतरून साकळलेलं रक्त बघितलं, गुडघे बघितले, मला दाखवले. बाहेर येऊन परत त्याच खुर्चीवर बसले.

"नीट ऐक," ते म्हणाले. "माणूस गेल्या गेल्या अंग ताठ होत नाही. त्याला वेळ लागतो. तुझी आई शियालद्याला पोचली तेव्हा बसल्या जागी ताठरलेली होती. म्हणजे त्याच्या कितीतरी आधी ती गेली होती, तुझ्या खांद्याला टेकून. तू पोहे पुढे केलेस तेव्हा ती नव्हती, बाबा. तिने तुझ्या हातचं नाकारलं नाही."

त्याने खुर्ची सरांच्या जवळ ओढली.

"आणखी एकदा सांगा," तो म्हणाला.

सरांनी आणखी एकदा सांगितलं.