एका रांगेत सहाजण

आमच्या मुलीने लग्न ठरवलं तेव्हा पहिला घोळ झाला तो कोणी कोणाकडे आधी जायचं यावरून. आमच्यात मुलाकडचे आधी येतात. मुलगा उल्हासनगरचा, सिंधी. त्याच्या आईचं म्हणणं, मुलगी जिथे नांदणार ते घर तिच्या आईबापांनी आधी बघायला नको का, तेव्हा तुम्हीच या. आम्ही अंबरनाथ पश्चिमेला, ते उल्हासनगरला, मध्ये रिक्षाचं अंतर, आणि दोन महिने कोणीच जागचं हललं नाही. शेवटी मुलगा-मुलगी दोघांनी परस्पर ठरवून टाकलं की कोणाच्याच घरी नको. रविवारी दुपारी मुंबईतल्या एका जपानी हॉटेलात सगळ्यांनी जेवायला जायचं.

"तिथे मेन्यू कार्ड नसतं," मुलगी म्हणाली. "ओमाकासे म्हणतात त्याला. काय द्यायचं ते शेफ ठरवतो, आपण फक्त खायचं."

"आणि नाही आवडलं तर?"

"आधी फॉर्म भरून पाठवायचा असतो, आई. तुला कशाची अ‍ॅलर्जी आहे?"

मला कशाचीच नव्हती. ह्यांना विचारलं तर ह्यांनी पेपरातून मान वर केली. "कच्चं असतं ना ते?"

"काही कच्चं, काही शिजवलेलं."

हे वांगणीच्या शेतकरी घरातले. लहानपणी पावसाळ्यात शेतात चढणारे मासे पकडून खाल्लेले, पण चांगले तिखट-मीठ लावून, चुलीवर. "बघू," म्हणाले. हे 'बघू' म्हणाले की होकार धरायचा असतो.

जेवणाची काळजी मला नव्हतीच. मला वेगळंच काही खात होतं. चार वर्षांपूर्वी आमच्या मुलीचं एक लग्न मोडलं होतं. साखरपुडा झालेला, पत्रिका वाटून झालेल्या, बदलापूरला हॉल ठरलेला. बारा दिवस राहिले असताना ती स्वयंपाकघरात आली, गॅसजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "मी हे लग्न करत नाहीये." का, म्हटलं, तर, "नाही करायचं." तेवढंच. घरोघर फोन मी केले. शिक्षिका होते, निम्म्या अंबरनाथची मुलं माझ्या हाताखालून गेलेली. भाजी घेताना बायका थांबवून विचारायच्या, काय हो बाई, काय झालं? मी काय सांगणार? मलाच माहीत नव्हतं.

ह्या मुलाला तिने ते सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं. प्रश्न त्याच्या आईवडिलांचा होता. त्यांचं उल्हासनगरच्या बाजारात लग्नाच्या कपड्यांचं दुकान. अंबरनाथ-बदलापूरच्या नवऱ्यामुली तिथेच शालू घ्यायला जातात. कोणीतरी गादीवर बसून सहज बोलून जाईल, ही तीच ना, हिचं तर आधी ठरलेलं, ह्या विचाराने मला दुपारची झोप लागेनाशी झाली. मुलीला मी तीनदा म्हटलं, सांगून टाकू या. ती म्हणायची, "सांगायचं आहेच. मी सांगीन. तू मध्ये पडू नकोस."

त्या रविवारी गाडी तीच चालवत होती. शिळफाट्याच्या आसपास मी पुन्हा विषय काढला. तिने आरशातून माझ्याकडे बघितलं. "आज नाही, आई. आज फक्त जेवायचं."

मी बरं म्हटलं. ह्यांनी रेडिओ लावला.

हॉटेलला बाहेर पाटी अशी नव्हतीच. आत एक छोटी खोली, फिकट लाकडाचा एकच लांब ओटा, त्याच्या अलीकडे आठ खुर्च्या आणि पलीकडे उभा जपानी शेफ, पन्नाशीचा असेल, डोक्याला पांढरी पट्टी. टेबल कुठेच नाही. मी मनात चित्र रंगवलेलं होतं की दोन्ही घरं समोरासमोर बसतील, मी त्या बाईंच्या समोर बसेन, चेहरा बघून बोलता येईल. इथे सगळ्यांनी एका रांगेत बसून शेफकडे तोंड करायचं होतं. वाढणारी मुलगी ईशान्येकडची होती, हिंदी फार स्वच्छ बोलायची. तिने आम्हाला बसवलं: पहिले मुलाचे वडील, मग त्याची आई, मग तो, मग आमची मुलगी, मग हे, आणि टोकाला मी. माझ्या पलीकडे एक परकं जोडपं. मुलाच्या आईला नुसतं बघायचं म्हटलं तरी मला पुढे वाकून तीन माणसं ओलांडून बघावं लागत होतं.

त्या गोऱ्या, ठेंगण्या, हातात जाड बांगड्या. मला नमस्कार करून म्हणाल्या, "ताई, संडे को हमारे यहाँ कढी-चावल बनता है. आज पहली बार छोडके आयी." मी हसले. म्हटलं, "आमच्याकडे रविवारी मटण." तेवढ्यात समोर वाट्या आल्या आणि बोलणं तुटलं.

वाटीत अंड्याचं काहीतरी वाफवलेलं होतं, खरवसासारखं थलथलीत, पण खारं. बरं लागलं. त्यानंतर शेफ एकेक घास बनवून देऊ लागला. भाताचा लहानसा मुटका, त्यावर माशाचा काप, ब्रशने काहीतरी काळपट लावलेलं. तो ते थेट आमच्यासमोर ठेवायचा आणि हाताने खूण करायचा. वाढणारी मुलगी म्हणाली, "रखते ही खा लीजिए. ठंडा नहीं होने देना." म्हणजे घास आला की तोंडात. घास संपेपर्यंत बोलता येत नाही, संपला की शेफ पुढच्या माशाचं नाव सांगतो, मग सगळे तो काय करतोय ते बघतात. मी दोनदा पुढे वाकून, "तुमचं दुकान किती वर्षांचं?" असं सुरू केलं. दोन्ही वेळा उत्तर अर्ध्यावर असताना समोर मासा आला.

हे मात्र रमले होते. पहिला कच्चा काप ह्यांनी डोळे मिटून गिळला, दुसरा चावून खाल्ला आणि तिसऱ्याला भाताकडेच लक्ष दिलं. "भात कोमट आहे," मला म्हणाले. मग वाढणारीला म्हणाले, "इनको पूछो, चावल पुराना है क्या?" तिने शेफला विचारलं. शेफचे हात थांबले. त्याने पहिल्यांदाच आमच्याकडे नीट बघितलं आणि बराच वेळ काही सांगितलं. ती म्हणाली, जुना आणि नवा मिसळून घेतात, नुसत्या नव्याला पाणी जास्त असतं. "तेच म्हणतोय मी," हे खूश होऊन म्हणाले. "आमच्याकडे पण नवा भात चिकट होतो." मुलाचे वडील पहिल्या खुर्चीवरून वाकले. ते कच्चं खात नव्हते, त्यांच्यापुरतं शेफ वरून आगीचा झोत मारून देत होता. त्यांनी विचारलं, "आपकी खेती कितनी है?" आणि तीन माणसांच्या डोक्यावरून दोघांचं भातावर बोलणं सुरू झालं. मुलगी आणि मुलगा एकमेकांकडे बघून हसत होते. सगळं चांगलं चाललं होतं. मलाच बसवत नव्हतं.

मला वाटत होतं, हे हसणं उसनं आहे. उद्या कळलं की ह्याच बाई म्हणतील, तुम्ही आमच्या शेजारी बसून जेवलात आणि सांगितलं नाहीत. खुर्ची उंच होती, पाय टेकत नव्हते. सहावा का सातवा घास बांगड्यासारख्या माशाचा होता, व्हिनेगरमध्ये मुरवलेला. तो जिभेवर असतानाच मी उठले.

मी उठल्याबरोबर शेफने हातातला भात खाली ठेवला. मला नंतर कळलं की एखादं माणूस उठलं की तो पुढचा घास करत नाही, सगळ्यांसाठी थांबतो. तेव्हा मला फक्त एवढं दिसलं की सगळी रांग माझ्याकडे बघतेय. "वॉशरूम," म्हटलं मी. मुलाच्या आई पण खुर्चीवरून उतरल्या. "मैं भी आती हूँ."

बेसिनपाशी आम्ही दोघीच होतो. त्या आरशात टिकली नीट करत होत्या. मी नळ सोडला, बंद केला, आणि सांगून टाकलं. साखरपुडा, पत्रिका, हॉल, बारा दिवस. एका दमात सांगितलं. त्यांनी टिकलीवरचं बोट काढलं नाही.

"तोडलं कोणी?" त्यांनी मराठीत विचारलं. दुकानात मराठी गिऱ्हाइकांशी बोलतात तशी सरळ, साधी मराठी.

"तिने."

"का?"

"ते मला माहीत नाही."

त्या वळल्या. "चार साल में पूछा नहीं आपने?"

"विचारलं. तिने सांगितलं नाही."

"मग ताई, तुम्ही मला अर्धीच गोष्ट सांगितली," त्या म्हणाल्या. रागाने नाही. "अर्धी कायको सांगितली? आता मी तिकडे बसून काय विचार करू?"

मी म्हटलं, "बाहेरून कळू नये म्हणून."

"लडकी को मालूम है, आप बता रहे हो?"

मी नकाराची मान हलवली. त्यांनी कागदी रुमालाने हात पुसले आणि दार उघडून माझ्यासाठी धरून उभ्या राहिल्या.

आम्ही परत जाऊन बसलो. शेफने पुन्हा हात ओले केले. त्यानंतरचे घास मला आठवत नाहीत. एक बहुतेक गरम होता, गोडसर, काटा नसलेला. शेवटी अंड्याची वडी आली, मग सूप. मुलाच्या आई सगळं खात होत्या, पण बोलत नव्हत्या. आमच्या मुलीने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. पुढ्यातला घास उचलायला तिने इतका वेळ लावला की शेफनेही मान वर करून पाहिलं.

परतताना ऐरोलीचा पूल लागला. तेव्हा मुलगी म्हणाली, "सांगितलंस ना?"

"अगं, कधीतरी कळणारच..."

"पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे जाणार होते. एकटी. त्यांना समोर बसवून सगळं सांगणार होते, कारणासकट. त्याच्याशी ठरलं होतं माझं." ती रस्त्याकडेच बघत होती. "आता मी काहीही सांगितलं तरी ते तुझ्या सांगण्याचा खुलासा असल्यासारखंच वाटणार."

ह्यांनी हात पुढे करून रेडिओ बंद केला. हे मला कधी बोलत नाहीत. त्या दिवशी घरी आल्यावर बूट काढता काढता म्हणाले, "चांगले जेवत होतो गं सगळे."

पुढचे आठ दिवस वाईट गेले. मुलगी घरात होती, पण माझ्याशी कामापुरतं बोलायची. फोन वाजला की मला वाटायचं, आता उल्हासनगरहून नकार येणार. शेजारणीने न बोलावता मी तिच्याकडे जाऊन बसायचे आणि पाच मिनिटांत उठायचे. डबे घासून काढले, पुन्हा भरले. फोन आला तो गुरुवारी, आणि माझ्यासाठी नव्हताच. त्या बाईंनी थेट मुलीला केला होता. रविवारी कढी-चावल खायला ये म्हणाल्या. एकटीच ये.

ती गेली. अकराला गेलेली, साडेपाचला आली. माझी खिडकी रस्त्यावर आहे. किती वेळा बघितलं त्याचा हिशोब नाही. आली, पाणी प्यायली, म्हणाली, "पुढच्या महिन्यात ते सगळे आपल्याकडे येतायत."

"काय बोललात तुम्ही?"

"बोललो," ती म्हणाली आणि आंघोळीला गेली.

लग्न रजिस्टर पद्धतीने झालं, जेवण उल्हासनगरला. विहीणबाईंनी मला शालू निवडायला दुकानात बोलावलं, गादीवर शेजारी बसवून घेतलं, चार बायकांना ओळख करून दिली. त्या बेसिनपाशी झालेल्या बोलण्याचा शब्द काढला नाही. पण मला कळत होतं की माझ्या मुलीच्या आयुष्यातली जी गोष्ट मला माहीत नाही ती ह्या बाईंना माहीत आहे, आणि त्या निवांत आहेत. मी नाही.

दोघं आता बदलापूरला मांजर्लीत राहतात. नदी जवळ आहे म्हणून पावसाळ्यात मी रोज फोन करते, पाणी कुठपर्यंत आलंय. गेल्या दिवाळीनंतर मी विहीणबाईंकडे गेले होते. त्या कमळकाकडी सोलत होत्या. मी पण एक हातात घेतली आणि विचारलं, "तुम्हाला तिने काय सांगितलं तेव्हा?"

त्यांनी सुरी थांबवली नाही. "ते तिने माझ्यापाशी ठेवलंय, ताई. मी कसं देऊ?" थोड्या वेळाने म्हणाल्या, "एक बार और पूछो उससे. लेकिन बीच में बोलना मत."

मी मध्ये बोलते हे त्यांना कोणी सांगितलं, ते मी विचारलं नाही.

दोन आठवडे मी टाळलं. मग एका शनिवारी सकाळी मांजर्लीला गेले. जावई बाहेर गेला होता. मुलगी कपडे वाळत घालत होती. मी चिमटे देत उभी राहिले आणि विचारलं. तिने ओली चादर झटकली, दोरीवर टाकली, टोकं जुळवली. माझ्या तोंडात तीन वाक्यं तयार होती, ती मी गिळली. मग ती बोलायला लागली. मध्ये एकदा थांबली तेव्हा मला वाटलं संपलं, पण संपलं नव्हतं.

काय बोलली ते मी इथे लिहीत नाही. ह्यांनाही सांगितलेलं नाही. ह्यांनी विचारलं नाही असं नाही, त्याच संध्याकाळी विचारलं, "काय म्हणाली?" मी म्हटलं, तुम्ही तिलाच विचारा. हे म्हणाले, "बघू." अजून विचारलेलं नाही. मला तेव्हापासून कितीतरी गोष्टी नव्याने आठवतात, त्या साखरपुड्याच्या दिवसातल्या, तिचा चेहरा, मी केलेली घाई, आणि मी उठून घरात फेऱ्या मारते.