घरात कॉफी भाजली तेव्हा

हिंगण्याच्या कंपनीतून निवृत्त झालो आणि मला कॉफीचं खूळ लागलं. नोकरीत पाळीला मिळायचा तो चहाच. कॉफी मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये जायची. तो राग मनात राहिला असावा. मोबाईलवर वाचत सुटलो. येमेनचे फकीर रात्रभर जप करता यावा म्हणून कॉफी पीत. त्यांच्या मुलखातूनच कुणीतरी बिया लपवून आपल्या दक्षिणेत आणल्या म्हणतात. अरब लोक पाहुण्याला घोटभरच ओततात, पेला काठोकाठ भरला तर 'आता उठा' असा अर्थ. आमच्याकडे बशीत सांडेपर्यंत कप भरला नाही तर पाहुणा वर्षभर बोलून दाखवतो. हे सगळं मी बायकोला ऐकवायचो आणि ती जायफळ किसत नुसती हूं हूं करायची. तिची कॉफी एकच: दूध, साखर, जायफळ. बाकीचं जग तिच्या लेखी उगाच भानगड.

दिवाळीनंतर तिला ताप आला. ताप उतरला, पण नाकाला वास येणं बंद झालं ते झालंच. आधी आम्ही थट्टेवारी नेलं. मग एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला, घरभर वास पसरला, आणि ही ओट्यापाशी निवांत मेथी निवडत उभी. मी धावत जाऊन बटण बंद केलं. घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. तेव्हाही ती रडली नाही. रडली ती मुलगी बंगळुरूहून बाळाला घेऊन आली तेव्हा. बाळाच्या टाळूला नाक लावून बसली आणि म्हणाली, "मले याचा वासच नाही येत वं."

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी रोज लवंग, लिंबू, निलगिरी हुंगायला सांगितलं. ती हुंगायची, मान हलवायची. पुढे पुढे तिने ते टाळायला सुरुवात केली. जायफळ किसणंही सोडलं. मी विचारलं तर म्हणाली, "काहून किसू? मले सगळं गरम पाणीच लागते."

इथिओपियात पाहुण्यांसमोर कॉफीच्या हिरव्या, कच्च्या बिया भाजतात. धूर निघाला की ते भांडं एकेकापुढे फिरवतात आणि पाहुणे आरती घ्यावी तसा धूर ओंजळीने ओढून घेतात. मी ठरवलं, लवंगेने होत नाही ना, मग हेच करू. मुलीने तिकडच्या कोडगूच्या मळ्यांतल्या हिरव्या बिया पाठवल्या. लोखंडी कढईत भाजायला घेतल्या. पिवळ्या झाल्या, तपकिरी झाल्या, तडतडून फुटायला लागल्या. एवढा धूर झाला की शेजारच्या वहिनी दारात आल्या, "काय जळून राहिलं जी?"

"कॉफी," मी म्हटलं आणि कढई घेऊन बायकोसमोर उभा राहिलो.

तिने तोंड वाकडं केलं, पदर नाकाला लावला. "शी! नाली उपसल्यावानी घाण येऊन राहिली. फेका ते!"

मी जाम चिडलो. अर्धं जग ज्या वासावर जीव टाकतं त्याला ही नाली म्हणते! "नाली काहून म्हणतेस वं? कोडगूची कॉफी आहे ही..." बोलता बोलता मीच थांबलो. कढई खाली ठेवली. "तुले वास येऊन राहिला?"

तिने पदर बाजूला करून पुन्हा हुंगलं. "येऊन राहिला. पण घाण."

डॉक्टर फोनवर म्हणाले, नाक सुधारायला लागलं की पुष्कळांना आधी असे उलटेच वास येतात, कॉफीचा तर हमखास. लक्षण चांगलं आहे. फोन ठेवल्यावर मी वेड्यासारखा हसत सुटलो आणि ती रागावली, कारण घर अजून घाण मारत होतं.

त्या दिवसापासून घरात कॉफीला बंदी आहे. मी चौकात जाऊन चहा पितो. फक्त सकाळी चिमूटभर भाजलेली पूड तळहातावर घेऊन तिच्या नाकाशी नेतो. "कसा?" "नालीच." "उत्तम," म्हणून मी हात धुऊन टाकतो.

काल तिने माझा हात झटकला नाही. मनगट धरून डोळे मिटले. "घाणच आहे," ती म्हणाली. "पण त्याच्या मागं कायतरी गोडूस येऊन राहिलं."

मी हात मागे घ्यायला लागलो.

"थांबा नं जी. अजून धरा."