भोकाचा पैसा कुठं सापडतो

आमच्या जळोचीच्या घराच्या उंबऱ्यात चांदीचा एक रुपया ठोकलेला आहे. घर बांधलं तेव्हा लक्ष्मी बाहेर जाऊ नये म्हणून सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, तो स्वतःच्या हातानं ठोकला. त्यावरच्या राजाचं तोंड झिजून गेलंय, नाक तेवढं उरलंय. आबा धडधाकट होते तोवर मी त्या रुपयाकडे कधी बघितलंही नव्हतं. मग आबांना लकवा झाला, डावी बाजू गेली, आणि त्यांच्यापाशी मी घरात अडकले. तेव्हापासून तो रुपया सारखा डोळ्यांत यायला लागला. मला त्याचा राग यायचा.

अडकले म्हणजे मला कोणी कोंडलं नव्हतं. माझा नवरा शांत माणूस. एमआयडीसीत कामाला जातो, आवाज चढवत नाही, पगार हातात आणून देतो. तो फक्त एवढंच म्हणायचा, "आबांजवळ कोणीतरी पाहिजे." हे कोणीतरी म्हणजे मी, हे आमच्या घरात न बोलता ठरलेलं होतं. माझं बारामतीतलं शिवणकाम सुटलं. भाचीच्या लग्नात मी अक्षता टाकून, न जेवता परत आले. "मला जायचंय" हे वाक्य तोंडातल्या तोंडात म्हणून बघायचे आणि गिळायचे. कारण कुठं जायचंय, असं कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. मला नुसतंच जायचं होतं.

आबांकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जुनी नाणी होती. तरुणपणी मेंढरं घेऊन त्यांनी सगळा इंदापूर तालुका पालथा घातलेला. जिथं मुक्काम पडायचा तिथून एखादं नाणं मागून आणायचे. राणीचा रुपया, ढब्बू पैसा, कमळाचं पिवळं वीस पैशांचं नाणं. त्या पिवळ्या नाण्यात सोनं आहे अशी एकदा आवई उठली होती आणि बायकांनी त्याच्या माळा करून घातल्या होत्या. मला त्या डब्याचं काडीचं कौतुक नव्हतं. पुसायला आणखी एक वस्तू, एवढंच.

एका सकाळी मी त्यांना खिमटी भरवत होते, तेव्हा वाकड्या तोंडानं ते म्हणाले, "निरवांगीला माज्या चुलतभावाचा गोठा हाय. पत्र्याच्या खिळ्याखाली भोकाचं पैसं हायत. जा, एक घिऊन ये."

"आबा, भोकाचा पैसा डब्यात हाय की."

"त्यो येगळा."

नवरा हसला. "काखेत कळसा नि गावाला वळसा," म्हणाला. त्यावर आबांनी तोंड मिटलं ते मिटलंच. दुपारी जेवले नाहीत, रात्रीही नाहीत. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला सुट्टी होती. तो वैतागून म्हणाला, "जाऊन ये बाई एकदाची. मी बसतो हितं." बापाची इच्छा मोडायची आमच्यात रीत नाही. बायकोची मोडावी लागत नाही, ती कोणी विचारतच नाही. मी चपला घातल्या आणि निघाले.

म्हातारचळ लागलाय आणि पायपीट माझ्या नशिबाला, असं पुटपुटत मी एसटीत चढले. अर्धं तिकीट काढलं, खिडकी मिळाली. गाडी बारामतीबाहेर पडली आणि माझं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. हातात वाटी नव्हती, चमचा नव्हता, ओलं फडकं नव्हतं. मला रडू फुटलं. शेजारच्या बाईनं विचारलं, "कोण गेलं का?" मी म्हणाले, "न्हाय वो, जुना पैसा आणायला चाललेय." तिनं आपली पिशवी हळूच जवळ ओढून घेतली.

निरवांगीच्या गोठ्यात पैसे खरंच होते. पूर्वी कोणीतरी डोकं लढवून वायसरच्या चकतीऐवजी हे मधोमध भोकाचे पैसे खिळ्याखाली घातले होते. पत्रा गंजून चाळण झालेला, पण पैसे हिरवट पडून जागच्या जागी होते. चुलतसासूनं खाली पडलेल्या एका पत्र्यातून विळ्याच्या टोकानं एक काढून दिला, वर चहा पाजला. संध्याकाळी तो पैसा मी आबांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी अंगठ्यानं चाचपला आणि दोन भाकरींचा काला खाल्ला.

मग हे सुरूच झालं. अंथुर्ण्याला एका सोनाराकडे पाठवलं. त्याच्या जुन्या तराजूत तोळ्याच्या वजनाऐवजी चांदीचा रुपया होता. त्यानं तो हातात धरू दिला, विकायला तयार झाला नाही. नंतर एका म्हातारीकडे. बाळाची बेंबी वर आली की ती तांब्याचा पैसा फडक्यात गुंडाळून बाळाच्या पोटावर बांधायची. सगळी नातवंडं त्या पैशाखालून गेलेली. "आजून पणतू व्हायचाय," म्हणाली, आणि पैसा परत कनवटीला लावला. मी रिकाम्या हातानं आले, तरी आबा नाराज दिसले नाहीत. खरं तर मीही नव्हते. आठवडाभर मी पुढच्या सुट्टीची वाट बघायची आणि तोंड मात्र वैतागल्यासारखं ठेवायची.

एकदा मला इंदापुरात एका घरी धाडलं. तिथल्या जात्याच्या खुंट्याखाली पैसा पुरलाय म्हणे. घरच्यांनी मला वेड्यात काढलं. त्यांच्याकडे जातं कधी नव्हतंच, आणि आबांना तिथं कोणी ओळखत नव्हतं. मी तणतणत परत आले.

"आबा, तितं कुणी तुमाला वळखत बी न्हाय."

त्यांना काही शरम वाटली नाही. "कालव्याला पाणी व्हतं का?"

"व्हतं."

"फाट्यावरची चिंच?"

"तोडली. रस्ता मोठा केलाय."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, "मेंढरं दिसली का कुठं?"

"एक कळप दिसला. पाचटात चरत व्हता."

"संगं कुत्रं व्हतं का?"

तेव्हा माझी ट्यूब पेटली. नाण्याबद्दल त्यांनी चकार शब्द विचारला नव्हता. म्हातारा माझ्या पायांनी फिरत होता. आधी मला वाटलं, आपल्याला शेंडी लावली. मग वाटलं, माझं तोंड बघूनच त्यांनी हे काढलं असेल. न राहवून मी विचारलं, "आबा, ही नाणी तुमच्यासाठी हायत का माज्यासाठी?"

"भाकरी दे," ते म्हणाले.

उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांना दुसरा झटका आला आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर नवरा थकून खुर्चीत बसला आणि म्हणाला, "चला, त्या नाण्यांचं खूळ तरी संपलं." त्यात वाईट काही नव्हतं. मी मात्र मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. आबांचं वाईट वाटलंच, पण माझं त्याहून जास्त वाटलं. मला बाहेर काढणारं घरातलं एकच तोंड होतं, ते बंद झालं.

पुढचे दिवस पंख्याखाली गेले. कूस बदल, पावडर लाव, पाणी पाज. दुपारी मी डबा उघडून एकेक नाणं आबांच्या डोळ्यांसमोर धरायची आणि गाव सांगायची. निरवांगी म्हटलं की ते डोळे मोठे करायचे. मग आम्ही दोघं उघड्या दाराकडे बघत बसायचो. उंबऱ्यातला रुपया उन्हात चमकायचा.

एका सुट्टीच्या दिवशी नवरा चहा पीत बसला होता. आबांची खाट दारासमोर, डबा त्यांच्या उजव्या हाताशी. आज बोलायचंच, असं मी सकाळपासून ठरवलं होतं.

"अहो," मी म्हणाले.

"काय गं?"

"चहा घेता का आजून?"

त्यानं कप पुढं केला. मी चहा ओतला. माझा मलाच इतका संताप आला की किटली आपटावीशी वाटली.

तेवढ्यात डब्यात खळखळ झाली. आबा चाचपत होते. निरवांगीचा भोकाचा पैसा त्यांनी चिमटीत धरला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून दाराकडे भिरकावला. पैसा उंबऱ्यातल्या रुपयावर टणकन आपटला, उडाला आणि बाहेर गल्लीत घरंगळत गेला.

"हातातून निसटला वाटतं," नवरा म्हणाला. "आण जा."

मी आबांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघतच नव्हते, बाहेर बघत होते.

मी चपला घातल्या. पाकीट कमरेला होतंच. पैसा गटाराच्या कडेला पडला होता. वाकून उचलला, मुठीत धरला. गल्लीच्या तोंडाशी बारामतीची रिक्षा उभी होती, रिक्षावाला आणखी एका सीटसाठी थांबला होता.

नवरा कप घेऊन दारात आला. "सापडला का गं?"

"न्हाय आजून," मी म्हणाले, आणि मूठ तशीच घट्ट धरून रिक्षाकडे चालायला लागले.